साडेतीनशेची हायलायटर पॅलेट: चार खणांतले अडीच कामाचे

नवरात्राला पंधरा दिवस राहिले की बडोद्याच्या मंगल बाजारात चनियाचोळी, ऑक्सिडाइजचे दागिने आणि मेकअपचं सामान एकाच फळीवर येऊन बसतं. हायलायटरची, म्हणजे गालाच्या हाडावर चमक आणणाऱ्या पावडरीची, ही पॅलेट तिथलीच. छापील किंमत ४९९, हातात पडली ३५०ला. चार खण, प्रत्येकी ३ ग्रॅम, झाकणात आरसा. शेड चार: बर्फासारखी पांढरी, शॅम्पेन, गुलाबी-सोनेरी आणि तांबूस ब्रॉन्झ. “बेन, आ बहु चाले छे,” असं दुकानदार फळीवरच्या प्रत्येकच वस्तूबद्दल सांगतो, म्हणून झाकण उघडण्याआधी डबी उलटी केली.

मागे काय बघायचं ते ठरलेलं आहे. बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, घटकांची यादी. माल परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक. सणाच्या तोंडावर रस्त्यावरच्या ढिगात मोठ्या कंपन्यांच्या नकला येतात. वरची छपाई हुबेहूब असते, पण बॅच नंबर एकतर नसतो किंवा सगळ्या डब्यांवर तोच असतो. तारखेवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं दिसलं तर डबी गुपचूप परत ठेवावी, घासाघीस करत बसू नये. उघड्या डबीचं एक छोटं चित्र असतं, त्यात १२ किंवा २४ आकडा आणि पुढे एम. उघडल्यापासून तितके महिने चालेल, असा त्याचा अर्थ. आमच्या डबीवर २४ होता. दाबलेल्या पावडरीत पाणी नसतं म्हणून ती एवढी टिकते. याच किमतीतल्या क्रीम हायलायटरला दोन वर्षं द्यायला आम्ही तयार होणार नाही.

घटकांची यादी बारीक अक्षरात असते, पण वाचायला दोनच नावं पुरतात: पहिलं आणि दुसरं. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लावतात. एक टक्क्याखालचे घटक आणि रंग शेवटी कुठेही येऊ शकतात. इथे पहिला मायका, म्हणजे आपला अभ्रक, आणि दुसरा टाल्क, म्हणजे शंखजिरं. हा क्रम उलटा असता तर डबी घेतलीच नसती. शंखजिरं जास्त झालं की चमकेला पिठूळपणा येतो आणि सावळ्या त्वचेवर ती राखेसारखी बसते. पुढे मॅग्नेशियम स्टिअरेट, डायमेथिकोन आणि खनिज तेल. पावडर वडीसारखी बांधून ठेवायचं काम यांचं. शेवटी रंगांचे आकडे. ७७०१९ म्हणजे अभ्रक, ७७८९१ टायटॅनियम डायऑक्साइड, ७७४९१ तांबडा आयर्न ऑक्साइड, ७७४९२ पिवळा. ७५४७० दिसला तर तो कार्माइन, कोशिनील किड्यापासून काढलेला लाल. बडोद्यात जैन आणि वैष्णव घरांतल्या मुली गुलाबी शेड बघितली की हे विचारतातच. या पॅलेटच्या गुलाबीत कार्माइन नव्हता, आयर्न ऑक्साइडवर काम भागवलं होतं. त्यामुळे गुलाबी जराशी विटकरी दिसते, आणि गव्हाळ रंगावर ते फायद्याचंच ठरलं.

आता चमक येते कुठून? अभ्रकाचा पापुद्रा मुळात जवळजवळ पारदर्शक. त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवतात. थर पातळ असेल तर चमक रुपेरी, जाड होत गेला की सोनेरी, मग तांबूस, निळसर, हिरवट. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ना, तोच प्रकार. दुसरी गोष्ट कणांच्या आकाराची. साधारण १५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतले कण रेशमी तकाकी देतात, त्याहून मोठे, ५०-६० पर्यंतचे, मोत्यासारखी चमक देतात, आणि १०० च्या पुढे गेलं की गालावर सुटे ठिपके मोजता येतात. स्वस्त पॅलेटमध्ये फसगत होते ती इथे: एकाच खणात बारीक आणि ढोबळ कण मिसळलेले असतात, कारण ढोबळ कण फळीवरून पटकन डोळ्यांत भरतात. महाग पॅलेटमध्ये हल्ली कृत्रिम अभ्रकही असतो. तो जास्त स्वच्छ दिसतो आणि खाणीतून काढावा लागत नाही. झारखंडात कोडरमा-गिरिडीहच्या पट्ट्यात लहान मुलं अभ्रक वेचतात ही गोष्ट लपलेली नाही. साडेतीनशेच्या डबीवर अभ्रक कुठला ते लिहिलेलं नसतं.

दुकानात बोट फिरवून मनगटावर ओढलेला पट्टा बघून शेड घेणं ही सगळ्यांची सवय, आणि निम्म्या चुका तिथेच होतात. बोटाच्या तेलामुळे पावडर चिकटून, दाबून बसते आणि पट्टा आरशासारखा लखलखतो. ब्रशने तेवढा माल उचललाच जात नाही. शिवाय मनगटाच्या आतली त्वचा गालापेक्षा गोरी आणि गुळगुळीत. आम्ही प्रत्येक शेडचे दोन पट्टे काढले, एक बोटाने, एक मऊ ब्रशने, आणि दोन्ही हाताच्या बाहेरच्या बाजूला, जिथे उन्हाचा रंग चढलेला असतो. मग तिथून उठून उजेडात. दांडिया बाजाराकडच्या जुन्या घरांत दुपारीही ट्यूबलाइट लागते आणि त्या उजेडात शॅम्पेन आणि पांढरा एकसारखे दिसतात. गच्चीत गेल्यावर फरक कळला. पांढऱ्याचा बोटाचा पट्टा सुंदर, ब्रशचा पट्टा म्हणजे खडूची रेघ. शॅम्पेनचे दोन्ही पट्टे जवळजवळ सारखे. असे दोन पट्टे जुळले की त्या खणाची बांधणी नीट आहे असं समजायला हरकत नाही.

पहिला हात फिरवताना एक फसवी गोष्ट समोर येते. बऱ्याच स्वस्त खणांवर वरून चमकीचा फवारा मारलेला असतो. नक्षी उठून दिसावी म्हणून ती युक्ती. चार-पाचदा ब्रश फिरला की तो थर संपतो आणि खालचा खरा माल निघतो, कधी फिका, कधी चांगला. म्हणून मत बनवायचं ते वरचा थर कागदी रुमालाने पुसून काढल्यावर. इथे गुलाबी-सोनेरीवर असा फवारा होता. तो काढल्यावर तिची चमक निम्म्यावर आली, आणि ती कामाची झाली हे विशेष.

काळ्या कागदाची परीक्षा फुकटची आहे आणि खूप काही सांगते. कागदावर ब्रश धरून हलकेच दोन टिचक्या मारायच्या. पडलेला माल बारीक धुरळ्यासारखा असेल तर ठीक. त्यात टिकल्यांसारखे सुटे ठिपके दिसले तर ते गालावरून डोळ्याखाली आणि तिथून डोळ्यात जाणार. पांढऱ्या खणाने काळ्या कागदावर चांदणं सांडलं. ब्रॉन्झने जवळजवळ काहीच नाही.

चेहऱ्यावर लावण्याआधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या घडीत थोडी पावडर लावून २४ तास सोडली. पावडर हायलायटरने सहसा खाज सुटत नाही, पण स्वस्त मालात सुगंध घातलेला असतो आणि तो कुणाला कधी चावेल याचा नेम नसतो. डबी उघडल्यावर अत्तराचा वास आला तर ही परीक्षा चुकवूच नये.

लावण्याआधीची तयारी सांगायला पाहिजे, कारण पॅलेटला शिव्या बसतात त्यातल्या पुष्कळशा खरं तर तयारीच्या वाटणीच्या असतात. गालावरची बारीक लव. गालाच्या हाडावर कानशिलाकडे ती दाट असते, आणि पावडर त्वचेवर न बसता लवेच्या टोकांवर बसते. समोरून काही कळत नाही. बाजूने, उजेड तिरका पडला की पांढरट झालर दिसते. अशा वेळी पावडर कितीही चांगली असो, लव कमी करणं किंवा क्रीम हायलायटर बोटाने दाबून लावणं एवढेच दोन मार्ग. लव काढायची असेल तर कार्यक्रमाच्या आधी निदान दोन दिवस. त्याच दिवशी वॅक्स केलं तर लालसर, उघड्या त्वचेवर पावडर ठिगळासारखी धरते. ब्लीच केलेली लव रंगाने लपते, पण चमक तिच्यावर तितकीच बसते, हे विसरलं जातं.

दुसरी अडचण रंध्रांची आणि मुरमांच्या खड्ड्यांची. चमक उंचवट्यावर उजेड टाकते आणि खड्ड्यात सावली सोडते, म्हणून हायलायटर लावल्यावर खड्डे वाढल्यासारखे दिसतात. गालाचा फुगीर भाग, नाकाच्या बाजूचा, रंध्रांचा. तिथे चमक आणायचीच नाही. बुबुळाच्या मध्यातून सरळ खाली एक रेघ कल्पावी. हायलायटर त्या रेघेच्या आत, नाकाकडे, यायला नको. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली हाड बोटाने चाचपून त्याची वरची कड शोधायची आणि तिच्यावरून कानशिलाकडे जायचं. पट्ट्याची रुंदी करंगळीएवढी, सेंटीमीटरभर. ब्लश, म्हणजे गालाची लाली, त्याच्या खाली, दोन्हींच्या कडा मिसळलेल्या. हाड सापडत नसेल, गाल भरलेले असतील, तर खिडकीशी अर्धं वळून उभं राहावं. आपोआप जिथे उजेड पडतो तीच जागा.

क्रम असा ठेवला: प्राइमर (फाउंडेशनच्या आधीचा गुळगुळीत थर), फाउंडेशन, क्रीम ब्लश, त्यावर लूज पावडरचा अगदी पातळ हात, मग हायलायटर. फाउंडेशन ओलं असताना पावडर हायलायटर टेकवला की तो तिथेच गोळा होतो, आणि पसरवायला गेलं की खालचं फाउंडेशन उखडून निघतं. उलट लूज पावडर जाड झाली तर हायलायटर तरंगल्यासारखा, कोरडा दिसतो. ब्रशचं म्हणाल तर छोटा, टोकाकडे निमुळता होत जाणारा मऊ ब्रश सगळ्यात भरवशाचा. फॅन, म्हणजे पंख्यासारख्या पसरट, ब्रशने माल कमी लागतो, त्यामुळे जास्त रंगीत ब्रॉन्झला तो बरा. खणाला ब्रश दोनदा टेकवायचा, खसाखसा घासायचा नाही, मनगटावर एक टिचकी, आणि हाडावरून तीन-चार फेरे, दर फेऱ्याला दाब कमी करत. कमी पडलं तर दुसऱ्यांदा घेता येतं. जास्त झालं तर स्वच्छ स्पंजला उरलेलं फाउंडेशन लावून पट्ट्याच्या कडा दाबायच्या. वरून कॉम्पॅक्ट मारला की चमक जात नाही, मळकट होते.

तीन चेहऱ्यांवर चारही शेड लावून बघितल्या: एक गव्हाळ आणि तेलकट, एक सावळा आणि कोरडा, एक गोरा, पण मुरमांचे खड्डे असलेला. पांढरा तिघींवरही नापास. गोऱ्या चेहऱ्यावर खड्डे दाखवले, गव्हाळवर तो वेगळा पट्टा म्हणून दिसत राहिला, आणि सावळ्यावर विभूती लावल्यासारखा. शेडचं नाव काहीही असो, पांढरा पाया म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड जास्त, आणि आपल्याकडच्या बहुतेक रंगांवर तो करडा पडतो. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यात टोकाएवढा लावला तर शोभतो, पण त्यासाठी ३ ग्रॅम म्हणजे आयुष्यभराची बेगमी, आणि ते ढोबळ कण डोळ्याजवळ न्यायला आमचा हात धजावत नाही. शॅम्पेन गव्हाळ आणि गोऱ्या रंगावर त्वचेचाच ओलसरपणा वाटावा अशी. ब्रॉन्झ सावळ्या चेहऱ्यावर सगळ्यांत देखणी. पिवळा आणि तांबडा आयर्न ऑक्साइड भरपूर असल्याने ती त्वचेच्या रंगात मिळून जाते आणि चमक तेवढी वर राहते. गोऱ्यावर ती हायलायटर म्हणून मळ दिसते, पापणीवर मात्र छान. गुलाबी-सोनेरी एकटी लावली तर गाल तापल्यासारखे, ब्लशवर एक हलका हात दिला तर ठीक. म्हणून तिला अर्धी मानली, आणि हिशेब अडीचवर थांबला.

पार्लरच्या आरशासमोर सगळंच टिकतं. परीक्षा होती गरब्याची. बडोद्याच्या मैदानांवर मधे गायक-वादक आणि भोवती रिंगण, अनवाणी, तासन्‌तास. अश्विनाचा दमट उकाडा, पायांखालून उडणारी धूळ, आणि उंच खांबांवरून पडणारा पांढरा एलईडीचा झोत. हा उजेड वरून येतो, म्हणून गालाच्या हाडावरची चमक दिवाणखान्यात दिसते त्याच्या दुप्पट दिसते. घरी जेमतेम वाटेल इतकंच लावून निघायचं. याच झोतात शॅम्पेनमधला सोनेरीपणा कमी होऊन ती रुपेरीकडे झुकते, तेव्हा सोनेरीच हवी असेल तर शॅम्पेनमध्ये ब्रॉन्झचा एक टेकवा मिसळावा.

वेगवेगळ्या रात्री वेगवेगळी मांडणी करून पाहिली. आधी नुसती पावडर, वर काही नाही. पाऊण तासात वरच्या ओठावरची चमक गेली, मग नाकावरची. गालाचं हाड मात्र मध्यंतरापर्यंत शाबूत. घाम आधी वरच्या ओठावर आणि कपाळावर फुटतो, म्हणून गरब्यासाठी ओठाच्या कमानीवर हायलायटर लावण्यात अर्थ नाही. भुवईच्या टोकावरून गालापर्यंत वळवतात ती सी आकाराची रेघही नको. कपाळाचा ओघळ कानशिलावरून उतरतो आणि रेघेला मधोमध चिरतो. दुसऱ्या मांडणीत खाली क्रीम हायलायटर, वर पावडर. चमक दणदणीत, पण क्रीमचा चिकटपणा धूळ धरतो. मध्यंतराला गालावर तपकिरी छटा आली होती. लग्नाच्या हॉलमध्ये चालणारी ही जोडी मातीच्या मैदानावर नाही चालत.

शेवटी जमलं ते असं. लूज पावडरनंतर सेटिंग स्प्रेचे, म्हणजे मेकअप धरून ठेवणाऱ्या पाण्याचे, दोन फवारे, वीतभराहून थोडं लांब धरून. दोन मिनिटं वाळू द्यायचं, पंखा हळू. मग हायलायटर. मग पुन्हा एक फवारा. मध्यंतराला रुमालाने पुसायचं नाही. टिशू ठेवून बोटांनी दाबायचं आणि सरळ उचलायचं. पुसलं की चमक हनुवटीपर्यंत जाते आणि चेहरा तेलकट दिसतो, चमकदार नाही. या मांडणीत बारा वाजता, गरबा संपताना, तेलकट चेहऱ्यावरही साधारण दोन तृतीयांश चमक जागेवर होती.

चमक वाढवण्यासाठी ब्रश ओला करून खणात बुडवायची पद्धत चुकीची. खणावर कडक, गुळगुळीत साय धरते आणि नंतर माल निघतच नाही. आधी कोरड्या ब्रशवर माल घ्यावा, मग ब्रशवर एक फवारा मारावा. साय धरलीच असेल, बोटाच्या तेलानेही धरते, तर सेलोटेप अलगद टेकवून उचलायची. एकदा, फार तर दोनदा. जोर लावला तर वडीच निघून येते. ज्यांना टेपची भीती वाटते त्यांनी जुना स्वच्छ टूथब्रश वर्तुळात फिरवावा.

उघड्या पाठीच्या चोळीसाठी खांद्यावर आणि गळ्याच्या हाडावर चमक मागतात. वाटाण्याएवढ्या साध्या बॉडी लोशनमध्ये ब्रॉन्झची खरवडलेली चिमूट, तळहातावर मिसळून लगेच लावायचं. पाच मिनिटं कापड टेकू द्यायचं नाही. काळ्या चोळीच्या कडेला ती चमक लागली की धुतल्याशिवाय जात नाही. हे मिश्रण डबीत करून नऊ दिवस पुरवायचा मोह होतो. करू नये. लोशनमध्ये पाणी असतं, ते बिघडू नये म्हणून घातलेलं द्रव्य लोशनपुरतं मोजलेलं असतं, आणि खरवडलेली पावडर ब्रशबरोबर चेहऱ्यावरचं सगळं घेऊन आलेली असते.

फोटोचं थोडक्यात. निघण्याआधी मोबाइलचा फ्लॅश लावून हातभर अंतरावरून तीन फोटो: समोरून, डावीकडून, उजवीकडून. फिल्टर बंद. फिल्टर चालू असेल तर काय बिघडलंय ते तोच लपवतो. गालावर पांढरा डाग उठला तर कण ढोबळ आहेत किंवा माल जास्त झालाय. डोळ्याखाली पांढरं दिसलं तर दोष हायलायटरचा नाही, सिलिकाच्या पांढऱ्या लूज पावडरचा.

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की हीच पॅलेट नवरीसाठी निघेल, तेव्हा एक गोष्ट वेगळी धरावी. नथ असेल तर नाकाच्या शेंड्यावर आणि डाव्या नाकपुडीवर चमक नको. मोत्यांचं तेज मारलं जातं आणि पावडर तारेच्या वेटोळ्यात अडकते. मुंडावळ्यांच्या खाली कपाळावरही नको, त्या हलल्या की घासून सगळं भुवयांवर येतं. नाकाची दांडी वरच्या अर्ध्या भागात, गालाचं हाड, बस्स.

तिसऱ्या आठवड्यात ब्रॉन्झचा खण फुटला. पर्स आपटली, एवढंच. स्वस्त खणांत बांधणीचं तेल कमी असतं म्हणून ते ठिसूळ. दुरुस्तीला औषधाच्या दुकानात मिळणारं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. तुकडे चमच्याच्या पाठीने खणातच बारीक करायचे, ड्रॉपरने दहा-बारा थेंब, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच. पातळ झालं तर आणखी वाळवावं लागतं. वर टिशू, टिशूवर खणाच्या मापाचं नाणं किंवा बाटलीचं झाकण, आणि घट्ट दाब. टिशू बदलून पुन्हा दाब. मग झाकण उघडं ठेवून रात्रभर, पंख्यापासून लांब, पेटत्या गॅसपासून तर फारच लांब. जुळतो, पण आधीपेक्षा कडक होतो. चमक थोडी कमी निघते. ब्रॉन्झच्या बाबतीत हे परवडलं. पांढरा फुटला असता तर कुणी अल्कोहोल वाया घालवलं नसतं. एकीपेक्षा जास्त जणींना लावायची असेल तर खणावर याच अल्कोहोलचा हलका फवारा मारून पूर्ण वाळू द्यावा, आणि ब्रश प्रत्येकीला वेगळा.

किमतीचा हिशेब छापील वजनावर करू नये. १२ ग्रॅमला ३५० म्हणजे ग्रॅमला २९ रुपये, हे दुकानदाराचं गणित. अडीच खण म्हणजे साडेसात ग्रॅम, ग्रॅमला जवळजवळ ४७ रुपये, हे आपलं. याच फळीवर एका खणाचा, ४ ग्रॅमचा शॅम्पेन हायलायटर २०० ला होता, म्हणजे ग्रॅमला ५०. फरक तीन रुपयांचा. गव्हाळ रंगाच्या आणि एकटीसाठी घेणाऱ्या मुलीला आम्ही तोच सुचवू. ब्रॉन्झ तिच्याकडे पडून राहणार. घरात दोघी-तिघी बहिणी, रंग वेगवेगळे, अशी परिस्थिती असेल तर पॅलेट. सहा किंवा आठ खणांच्या पॅलेट मात्र सोडून द्याव्यात. त्यांत तीन खण पांढऱ्याचेच भाऊबंद असतात, आणि एखादा जांभळट-निळा, जो नाटकाच्या रंगपटाबाहेर कधी निघत नाही.

उतरवताना पाण्याआधी तेल. चेहरा कोरडा असतानाच क्लेन्झिंग बाम किंवा साधं बेबी ऑइल बोटांनी मिनिटभर फिरवायचं, मग ओल्या मऊ फडक्याने एकाच दिशेने टिपायचं, आणि शेवटी फेसवॉश. मुरमं येणाऱ्या चेहऱ्याला खोबरेल नको. रात्री एक वाजता कंटाळून फेसवॉशने सुरुवात केली की चमक निघत नाही, फेसाबरोबर कानापर्यंत पसरते. स्क्रब तर बिलकुल नको, पापुद्र्यांच्या कडा आधीच घाम आलेल्या त्वचेवर घासल्या जातात. केसांची कड, भुवया आणि कानाची पाळी फडक्याच्या टोकाने वेगळी पुसावी. ब्रश शाम्पूने धुऊन डोकं खाली करून टांगावा. उभा वाळवला की पाणी दांडीत उतरतं, आणि दमट हवेत चार दिवसांनी केस गळायला लागतात. एवढं सगळं करूनही सकाळी उशीच्या अभ्र्यावर थोडा अभ्रक सापडतोच. तो गच्चीत नेऊन झटकायचा, ओल्या हाताने चोळायचा नाही, धाग्यांत रुतला की दोन धुण्यांतही निघत नाही.